पांगाऱ्याची फळी

आकाराम लढाईवरून परत आला तो एकोणीसशे सेहेचाळीस सालच्या माघात, आणि त्या दिवसापासून त्याचा पाय घरात ठरेना. जेवायला बसला की अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचा. बांध घालायला घ्यायचा आणि दहा-बारा दगड रचून झाले की टिकाव तिथंच टाकून नदीकडं चालू लागायचा. एकदा काडेपेटी आणतो म्हणून दुकानाकडं निघाला, तो चालत थेट कराडला जाऊन दिवस मावळताना परतला. काडेपेटी आणलीच नव्हती.

आमचं गाव कृष्णाकाठी, कराड आणि ताकारीच्या मधे. उसाचा मुलूख. घरटी एक तरी गडी पलटणीत, त्यामुळं लढाईवरून माणसं परतणं गावाला नवं नव्हतं. कुणी आल्यावर दारू धरली, कुणी देवदेव करू लागलं, बहुतेकांनी मुकाट बैल जुंपले. आकारामचं वेगळंच होतं. तो चिडत नव्हता, कुणाला वाकडं बोलत नव्हता. फक्त थांबत नव्हता.

त्याचा थोरला भाऊ तात्याबा समंजस माणूस. त्यानं आकारामला गुऱ्हाळात चुलवाणापाशी बसवला. चिपाडं टाकत राहायचं आणि जाळ एकसारखा ठेवायचा, एवढंच काम. दुपारपर्यंत आकारामनं ते नीट केलं. मग कसल्याशा तंद्रीत उठला आणि नदीवर जाऊन पाण्यात पाय सोडून बसला. इकडं जाळ विझला, काहिलीतला पाक बसला आणि अख्खं आधण वाया गेलं.

तात्याबा त्याला शोधत नदीवर आला.

"गड्या, तुला झालंय तरी काय?"

"काय न्हाई, दादा."

"काय न्हाई कसं? लढाईत काय बघितलंस का वंगाळ? बोल की."

आकाराम पाण्याकडं बघत म्हणाला, "वंगाळ समद्यांनीच बघितलं. ते न्हवं."

मग काय, ते त्यानं सांगितलं नाही. भावाला नाही, आई हरणाबाईला नाही, आणि बायकोला तर नाहीच.

बायको म्हणजे चंद्राबाई. नदीपल्याडच्या गावची. एकोणचाळीस साली लग्न झालं, आठ महिन्यांत आकाराम भरती झाला आणि सहा वर्षं तिकडंच राहिला. तो गेला तेव्हा ती सतरा वर्षांची, लाजून भिंतीकडं तोंड करून बोलणारी. आला तेव्हा समोर तेवीस-चोवीस वर्षांची, खांद्यानं भक्कम, कमी बोलणारी बाई उभी. सहा वर्षांतली पत्रं शाळामास्तरांनी लिहिलेली आणि पलटणीतल्या कारकुनानं वाचून दाखवलेली. त्यात दोघांच्या मनातलं काय असणार? वर्ष झालं तरी एका छपराखाली ती दोघं पाहुण्यासारखी वागत होती.

आकारामच्या मनात होता तो एक रस्ता.

लढाईत तो ड्रायव्हर होता. एक्केचाळीस साली त्याची कंपनी हैफा नावाच्या बंदराजवळ होती. तिथून बैरूतपर्यंत रोज रसद पोचवायची. रस्ता सगळा समुद्राच्या कडेनं. एका हाताला उभे पांढरे कडे, दुसऱ्या हाताला निळं पाणी, आणि वळणं अशी की पुढची लॉरी समुद्रातच गेली असं वाटावं. कृष्णेच्या काठच्या माणसानं समुद्र पहिल्यांदा बघितला तो बोटीवरून, आणि पंधरा दिवस उलट्या केल्या. पण या रस्त्यावरनं बघितलेला समुद्र त्याच्या अंगातच शिरला.

त्याच किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियाच्या पलटणीची छावणी होती. त्यातला एक गोरा, बिल नावाचा, सुट्टीच्या दिवशी लांब फळी घेऊन पाण्यात जायचा. पोटावर झोपून आत जायचा, लाट आली की फळीवर उभा राहायचा आणि लाटेवरून घसरत किनाऱ्याला यायचा. आकारामनं लॉरी थांबवून ते बघितलं आणि बघतच राहिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बिलनं हातानं खुणावलं, ये. आकाराम चपला काढून गेला. महिनाभर पडला, खारं पाणी प्याला, नाकातोंडात वाळू गेली. आणि एका सकाळी उभा राहिला. पाय हलत होते, फळी हलत होती, खालून सगळा समुद्र पळत होता आणि तो मात्र उभा होता. पुढं जिथं लॉरी थांबेल तिथं तो आणि बिल पाण्यात. मग कंपनी हलली, इटलीची लढाई आली, बिल कुठं गेला कळलं नाही.

हे सगळं आठवत आकाराम गावात फेऱ्या मारायचा.

शेवटी कराडचे लालासाहेब म्हणून एक व्यापारी होते, त्यांनी सरकारी लिलावातून पलटणीची जुनी लॉरी घेतली. त्यांना घाटात लॉरी चालवणारा माणूस हवा होता. आकाराम स्टिअरिंगवर बसला आणि घरच्यांना जरा हायसं वाटलं. कराडहून गुळाच्या ढेपा भरायच्या, पाटणवरून कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूणला माल टाकून नारळ-सुपारी घेऊन वर यायचं. चिपळूणला खाडी होती, समुद्र नव्हता. खाडीचा खारा वास मात्र यायचा. त्या वासानं आकाराम आणखीच बेचैन व्हायचा. लॉरी रिकामी होईपर्यंत तो धक्क्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राही.

सत्तेचाळीसच्या चैत्रात तो नाथाजी सुताराकडं गेला. जमिनीवर काटकीनं आकार काढून दाखवला. पुरुषभर लांब, दीड हात रुंद, पुढं निमुळती.

"कसलं दार हाय ह्ये?" नाथाजीनं विचारलं.

"दार न्हवं, नाथाजीदा. पाण्यावर उभं ऱ्हायचं हाय त्येच्यावर."

नाथाजीनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. आकारामला याड लागलंय असं गावात बोललं जात होतं, ते त्यानंही ऐकलं होतं. पण कारागीर माणूस, लाकडाचं विचारल्यावर गप्प बसवेना.

"पाण्यावर म्हंतोस तर सागवान नगं. बुडवंल तुला. पांगारा घे. हलका असतोय, पोरं भोपळ्याबिगर पवायला जात्यात त्येच्यावर."

ओढ्याकाठचा एक जाड पांगारा वाऱ्यानं पडलेला होता. नाथाजीनं त्यातून फळी काढली, रंधा मारला, कडा गोल केल्या. आकारामनं तिला तेल आणि राळ पाजली, वरून पाय सरकू नये म्हणून मेण घासलं. गावातली माणसं येऊन बघून जात. कुणी हसत, कुणी हळहळत.

वैशाखात लालासाहेबांनी लांबची खेप सांगितली. पाऊस लागायच्या आत गुहागरच्या आणि रत्नागिरीच्या दुकानदारांना गूळ पोचवायचा होता. कराड, चिपळूण, गुहागर, परत चिपळूण, मग रत्नागिरी, आणि आंबा घाटानं वर. पाच दिवसांची खेप. आकारामनं त्याच संध्याकाळी फळी लॉरीशी नेऊन ठेवली.

हरणाबाईनं ते बघितलं. पोरगा आता समुद्राकडं गेला की माघारी येत नाही, असं तिच्या मनानं घेतलं. ती म्हणाली, "चंद्राला संगट ने."

"आई, लॉरी हाय ती. बाईमाणूस कुठं—"

"तिला नेणार नसशील तर मी लॉरीफुडं आडवी पडते."

चंद्राबाई चुलीपाशी होती. तिला कुणी विचारलं नाही. पण तिनं भाकरी थापता थापता मान वर केली आणि म्हणाली, "मी येते, आत्याबाई." इतक्या पटकन म्हणाली की हरणाबाईलाही नवल वाटलं.

लॉरीत क्लीनर नव्हता. त्याच्या जागी चंद्राबाई बसली. मांडीवर भाकरीचं गाठोडं. मागं गुळाच्या ढेपा, त्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर दोरीनं आवळलेली फळी. पाटण गेलं, हेळवाक गेलं. घाटाच्या तोंडाला आकारामनं लॉरी थांबवून रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. चंद्राबाई खाली उतरली आणि दरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. खाली धुरकट हिरवं कोकण पसरलेलं.

"भ्या वाटतंय का?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"वळणं लय हायती. डोळं मिटून बस."

ती म्हणाली, "मिटायला कशाला आले मी?" आणि घाट संपेपर्यंत खिडकीबाहेर मान काढून बसली.

गुहागरला पोचले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. माल उतरेपर्यंत आकारामनं चार वेळा विचारलं, झालं का, झालं का. मग फळी खांद्यावर घेतली आणि माडांच्या बागेतून जवळजवळ पळतच निघाला. चंद्राबाई मागनं. माड संपले आणि एकदम समोर समुद्र आला. ती थबकली. नदीला दुसरा काठ असतो. इथं नव्हता.

पावसाआधीचे दिवस, पाणी चढू लागलेलं, लाटा कमरेपासून छातीपर्यंतच्या. आकारामनं सदरा काढला आणि आत घुसला. सहा वर्षांत अंग जड झालं होतं आणि फळी बिलच्या फळीहून आखूड. तीनदा तो उलटा पडला. चौथ्या वेळी फळी लाटेच्या पाठीवर चढली, त्यानं हात टेकून पाय आत घेतले आणि उभा राहिला. गुडघ्यात वाकलेला, दोन्ही हात पसरलेले. फेसाच्या पुढं पुढं तो सरळ किनाऱ्याकडं आला आणि गुडघाभर पाण्यात उडी मारून उतरला.

तो हसत होता. चंद्राबाईनं नवऱ्याला हसताना परत आल्यापासून बघितलंच नव्हतं. तिला गंमतही वाटली आणि कुठंतरी रागही आला. हा माणूस घरी का हसत नाही?

दिवस मावळेपर्यंत तो पाण्यातून निघाला नाही. आणि निघाला तोच म्हणाला, "उद्या फुडं जाऊ. लॉरी जाईल तितवर."

खरं तर दुसऱ्या दिवशी चिपळूणला परतायचं होतं. पण सकाळी त्यानं लॉरी दक्षिणेकडच्या गाडीवाटेला घातली. एका टेकडीवर चढायचं, की खाली चंद्रकोरीसारखा किनारा दिसायचा. पुन्हा उतार, पुन्हा माडांची वाडी, पुन्हा चढ. प्रत्येक माथ्यावर तो लॉरी थांबवून लाटा बघायचा, मान हलवायचा आणि पुढं निघायचा. इथल्या बारीक, तिथल्या खडकावर फुटतात, आणखी पुढं बघू. माथा आला की चंद्राबाईही आता सीटवरून पुढं सरकून बघत होती.

दुपारी एका लहान वाडीपाशी वाट संपली. शेजारीच खाडी समुद्राला मिळत होती. तिथं लाटा मोठ्या आणि लांब येत होत्या. होडी वर ओढणारा एक म्हातारा खारवी म्हणाला, "बाबा, ओहोटी लागलीय. खाडीच्या तोंडाला जाऊ नको. पाणी बाहेर खेचतं."

"वाईच जातो आन् येतो," आकाराम म्हणाला.

पहिली लाट त्याला छान मिळाली. दुसऱ्या लाटेनं त्याला पालथा घातला आणि फळी हातातून सुटून फेसाबरोबर किनाऱ्याला लागली. आकाराम वर आला तेव्हा किनारा लांब दिसत होता. त्यानं सरळ वाळूच्या दिशेनं हात मारायला सुरुवात केली. मारतोय, मारतोय, आणि किनारा आणखीच लांब. खाडीचं पाणी त्याला नळातून ओढावं तसं बाहेर नेत होतं. पैलवानी अंगाचा गडी, पण अशा झोंबाझोंबीत दम किती टिकणार? त्याचं डोकं एकदा पाण्याखाली गेलं. परत दिसलं. पुन्हा गेलं.

म्हातारा होडी ढकलायला धावला, पण होडी वाळूत रुतलेली आणि तो एकटा.

चंद्राबाईनं काष्टा आवळला, पदर कमरेला खोचला आणि फळी उचलली. ती आकारामच्या दिशेनं गेलीच नाही. वाळूवरून धावत खाडीच्या तोंडापाशी गेली आणि तिथं पाण्यात शिरली. फळी छातीखाली घेतली आणि पाण्याला आपल्याला नेऊ दिलं. त्याच ओढीनं तिला सरळ त्याच्याजवळ नेऊन सोडलं.

"धरा!" ती ओरडली.

त्यानं फळीची कड धरली. तोंडातून पाणी येत होतं. तो पुन्हा किनाऱ्याकडं तोंड करून पाय मारू लागला.

"सरळ नगं! धारंशी भांडू नगा. आडवं चला, आडवं!"

"किनारा तिकडं हाय—"

"मी सांगते ते ऐका!"

दोघं किनाऱ्याला समांतर पाय मारत राहिली. बराच वेळ काहीच होईना. मग एकाएकी ओढ सुटली, पाणी मऊ झालं, मागून एक लाट आली आणि दोघांना फळीसकट पुढं ढकलू लागली. वाडीपासून पाव कोस लांब ती वाळूवर आली. म्हातारा खारवी धापा टाकत पोचला, दोघांकडं बघून त्यानं हात जोडले आणि शिव्या देत परत गेला.

आकाराम वाळूवर पालथा पडून ओकत होता. चंद्राबाई लुगड्याचा पिळा काढत होती. बऱ्याच वेळानं तो उठून बसला.

"तू पवतीस?"

"कृष्णाकाठची हाय मी."

"काठावरच्या साऱ्या बायका असं पवत्यात व्हय? हे असं कोण शिकिवलं तुला?"

चंद्राबाई वाळूत बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुमाला कुणी सांगितलं न्हाई. मीच नगं म्हनले हुते."

आणि तिनं सांगितलं. बेचाळीसच्या चळवळीनंतर आमच्या भागात सरकारच्या डोक्यावर दुसरं सरकार उभं राहिलं होतं. चळवळीतली माणसं उसात, रानात लपून राहायची, आणि लोक त्यांना जेवू घालायचे, दडवायचे. पोलिसांनी नदीवरच्या नावा ताब्यात घेतल्या, म्हणजे ऐलतीरचा निरोप पैलतीराला जाऊ नये. तात्याबा त्या माणसांत होता. एकदा फार निकडीचा निरोप होता आणि पुरुष कुणी निघाला असता तर लगेच संशय आला असता. चंद्राबाई म्हणाली, माहेर पल्याड आहे, मी जाते. धुणं घेऊन सकाळी सकाळी नदीवर गेली, धुण्यातला भोपळा काढून पोटाशी बांधला आणि मेणकापडातली चिठ्ठी अंबाड्यात खोचून पाण्यात उतरली.

"किती डाव गेलीस?"

"अकरा डाव. दोनदा तर गढूळ पानी दोनी थड्या भरून चाललं हुतं. तवाच कळलं, धारंशी भांडायचं न्हाई."

"गावात कुणाकुणाला ठावं हाय?"

"समद्यांस्नी."

"आईला?"

"आत्याबाई काठावर कोरडं लुगडं घिऊन उभ्या ऱ्हायच्या."

आकाराम उठला. फळी उचलली आणि लॉरीकडं चालू लागला. चंद्राबाई मागनं म्हणाली, "तुमी सरकारच्या पलटनीत. मला वाटलं तुमाला राग यील. न्हाईतर साहेबाला कळून तुमच्यावर काय बालंट यील."

त्यानं फळी लॉरीवर टाकून दोरी आवळली.

चिपळूणला परतताना आणि तिथून संगमेश्वरपर्यंत तो नुसता लॉरी हाणत राहिला. वळणावर गिअर असा टाकायचा की लॉरी कण्हायची. ती त्यानं मुद्दाम केलेली गोष्ट नव्हती. त्याला एकच कळत होतं, की तो जग फिरून आला आणि घरात बायको, आई, भाऊ एवढं सगळं जगून बसले होते, आणि वर्षभर त्याला कुणी एक शब्द सांगितला नव्हता. मग वाटायचं, आपण तरी त्यांना काय सांगितलं?

रत्नागिरी दोन-तीन कोसांवर आली तेव्हा त्यानं लॉरी एका आंब्याखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात तसेच.

"मी तितं सुखात व्हतो," तो म्हणाला.

चंद्राबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"लोकं ईचारत्यात, वंगाळ काय बघितलंस. बघितलं. इटलीत लय बघितलं. पन त्येनं मी असा झालो न्हाई. त्या समुद्राकडच्या रस्त्यावर मी लॉरी चालवायचो, आन् सुट्टी घावली की पाण्यात. तितंच आबा गेल्याचं पत्र आलं. कारकुनानं वाचून दावलं. मी ऐकलं, आन् तसाच पाण्यात गेलो. रडलो न्हाई. लाट आली, तिच्यावर उभा ऱ्हायलो, आन् मला बरं वाटलं. बाप गेला त्या दिशी मला बरं वाटलं, चंद्रा. हे कुनाला सांगू? घरी आलो तवा वाटलं, हितं मला कवा तसं बरं वाटनारच न्हाई."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. चंद्राबाईनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली.

"मला बी तसंच हुतं," ती म्हणाली. "ती मानसं आता उघड फिराय लागली, भाशनं करत्यात. लोकं म्हनत्यात, सुटलो. मी बी म्हनते. पन भाकरी थापताना कान दाराकडं असतो. कुनी यील, म्हनंल, चंद्राबाई, पल्याड जायचंय. कुनी येत न्हाई. कुनाला सांगितलं तर म्हनतील, बाईला याड लागलंय."

आकाराम तिच्याकडं वळून बसला. "म्हनून आलीस व्हय लॉरीत?"

"मग काय, तुमच्यासाठनं?" ती म्हणाली, आणि दोघं हसली. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

रत्नागिरीला गूळ उतरवला. त्या दिवशीच घाटाकडं निघायचं होतं. निघाली नाहीत. दोघं तिथल्या किनाऱ्यावर तीन दिवस राहिली. सकाळी ओहोटी कधी लागते ते कोळणींना विचारून घ्यायची आणि मगच पाण्यात जायची. पहिल्या दिवशी चंद्राबाई फळीवर नुसती पोटावर झोपून लाटेबरोबर आली. लाटेनं तिला वाळूवर आणून आपटलं. ती उठली, तोंडातली वाळू थुंकली आणि परत आत गेली. आकाराम छातीभर पाण्यात उभा राहून फळी धरायचा, लाट मागं आली की म्हणायचा, "आता!" दुसऱ्या दिवशी ती गुडघ्यांवर आली. तिसऱ्या दिवशी उभी राहिली ती जेमतेम पाच-सहा हात अंतर, आणि धाडदिशी पडली. किनाऱ्यावरच्या कोळणी टाळ्या पिटून हसायला लागल्या. त्यातल्या एकीनं येऊन फळी हातानं चाचपून बघितली आणि विचारलं, "कंचं लाकूड गो?"

आंबा घाट चढून, मलकापूर-कोल्हापूर करत ती कराडला पोचली तेव्हा पाचाचे आठ दिवस झाले होते. लालासाहेबांनी चावी मागून घेतली. ते ओरडले नाहीत. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. घरी हरणाबाईनं दोघांना दारात बघितलं, आधी रडून घेतलं, मग भांडली.

तात्याबाला आकारामनं एवढंच विचारलं, "दादा, चंद्राचं मला का सांगितलं न्हाईस?"

"तू ईचारलंस कवा गड्या? आल्यापासनं तू हितं व्हतास तरी का?"

त्याच वर्षी ऑगस्टात चावडीसमोर झेंडा लागला. आकाराम पलटणीचा कोट घालून मागं उभा होता. नदी पोहून निरोप नेणाऱ्यांची नावं पुकारली गेली, त्यात चंद्राबाईचं नाव आलं. ती बायकांत दडली. आकारामनं गर्दीतून जाऊन तिला कोपरानं ढोसलं. "जा की. मी पलटनीतला हाय, सांग त्यास्नी, मीच म्हनतोय जा." ती पुढं गेली, नारळ घेतला आणि मान खाली घालून परत आली. दोघांत त्या गोष्टीवरून पुन्हा कधी आडपडदा राहिला नाही.

म्हणून काही आकाराम शांत झाला नाही. ते खोटं ठरेल. पावसाळाभर तो तसाच फेऱ्या मारत राहिला. फरक इतकाच, की आता कधी कधी चंद्राबाईही त्याच्याबरोबर निघायची, आणि गाव दोघांवर हसायचं. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात चिपळूण-गुहागर सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर पाहिजे असल्याचं कळलं. शेताचं सगळं भावावर सोपवून दोघं घाट उतरली. गुहागरात बाजाराच्या मागं एक खोली घेतली. चंद्राबाई मोटारीच्या थांब्यावर चहा आणि झुणका-भाकरी विकायची. घाटी भाकर कोकणातल्या माणसांना आधी जाड लागली, मग आवडायला लागली. संध्याकाळी मोटार लागली की दोघं किनाऱ्यावर.

पुढच्या वर्षी ऊसतोडीला तात्याबाचं पत्र आलं, हात कमी आहेत, या. गेली. दीड महिना आकारामनं मोळ्या वाहिल्या, चुलवाणापाशीही बसला आणि या खेपेला एकही आधण बिघडवलं नाही. पण रस उतू जावा तसा त्याचा जीव उतू जात होता, ते तात्याबालाही दिसत होतं. शेवटचा गूळ निघाल्यावर तोच म्हणाला, "जा रं बाबा आता. हितं बसून तू बी झिजशील आन् मला बी झिजवशील."

एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर आकारामला चार दिवसांची रजा मिळाली. तो म्हणाला, घरी जाऊन येऊ. चंद्राबाई म्हणाली, "घरी फुडच्या वक्ताला. दक्षिणंकडं मालवणला किनारा लय चांगला हाय म्हनत्यात. आगबोट जाती."

रत्नागिरीहून दोघं आगबोटीनं मालवणला गेली. आगबोटीपासून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावातून फळी घेऊन उतरली तेव्हा दुपार टळलेली होती. समुद्र अगदी निवांत, काचेसारखा. आकाराम काठावर उभा राहून कपाळाला आठ्या घालू लागला. एवढ्या लांब आलो आणि लाटच नाही. चंद्राबाई जाळं विणत बसलेल्या एका म्हातारीपाशी जाऊन उकिडवी बसली.

"आजी, हितली लाट कवा येती?"

म्हातारीनं दोघांकडं, त्यांच्या फळीकडं आणि मग पाण्याकडं बघितलं.

"आता खंय? भरती लागांदे," ती म्हणाली. "बसा वायच."

आकाराम लांबवर एक चक्कर मारून आला, मग दुसरी मारून आला. मग चंद्राबाईनं वाळूवर हात आपटून जागा दाखवली, आणि तो येऊन तिच्याशेजारी बसला.